कुर्ल्याची अमेरिकन

डाव्या चाकावर तो पोरगा अक्षरशः नाचत होता. पान्याच्या दांड्यात हातभर लोखंडी पाइप घातला होता आणि त्यावर दोन्ही पाय देऊन उड्या मारणं चाललं होतं. बोल्ट तसूभर हलत नव्हता. शेजारी म्हातारा मिस्त्री बिडी ओढत उभा होता. मी त्या गोदामात ब्लँकेटांचा भाव विचारायला गेलो होतो. १४ जानेवारीला काला आंबच्या युद्धस्मारकावर महाराष्ट्रातून माणसं येतात, पानिपतची थंडी त्यांना ठाऊक नसते, आणि आमच्यासारख्या इथल्या चार मराठी घरांवर पांघरुणांची जबाबदारी येते. तर ते राहिलं बाजूला. मी म्हटलं, “बेटा, उलटा घुमा.”

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की या म्हाताऱ्याला काय कळतंय. मिस्त्रीने मान हलवली. पोराने पाना काढून उलट बाजूने लावला, एक झटका दिला. कट् असा आवाज झाला आणि बोल्ट सुटला.

“थमनै क्यूकर बेरा?” मिस्त्रीने विचारलं. म्हणजे तुम्हाला कसं ठाऊक.

ठाऊक होतं ते अण्णांमुळे. अण्णा माझे मोठे काका. दादर ते पुणे अशी त्यांची शेअर टॅक्सी होती, काळीभोर प्लिमथ. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर क्लीनरसारखा जायचो. खोपोलीच्या अलीकडे एकदा चाक पंक्चर झालं, तेव्हा मीही असाच पाइप घालून नाचलो होतो आणि अण्णांनी टपली मारून सांगितलं होतं, “क्रायस्लरच्या गाडीला डावीकडे उलटे आटे असतात, शहाण्या. बोल्ट तोडशील.” क्रायस्लर म्हणजे काय ते तेव्हा कळलं नव्हतं. टपली लक्षात राहिली.

उलट्या आट्यांचं कारण सोपं आहे, आणि ते तुमच्या घरातल्या सायकलवरही आहे. सायकलचं डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, नाहीतर फिरता फिरता ते आपोआप सैल होत जाईल. मोटारीची डावी चाकं उजव्यांच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथेही तीच खबरदारी घेतली. त्या कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डीसोटो या सगळ्या गाड्यांत ही पद्धत थेट १९७०च्या आसपासपर्यंत चालली. इतरांनी ती फारशी मनावर घेतली नाही, आणि त्यांची चाकं काही निखळून पडली नाहीत. पण अमेरिकेपासून पानिपतपर्यंत किती मेकॅनिकांनी या एका खबरदारीपायी किती बोल्ट तोडले असतील, याची गणती नाही.

ताडपत्री पूर्ण ओढल्यावर दिसली ती डॉज किंग्जवे. रंग कधीकाळी हिरवा असावा. क्रोमच्या पट्ट्यांना फोड आले होते, मागच्या काचेच्या जागी प्लायवूड होतं. तरी बोनेटचा तो फुगीर उतार, मडगार्डचं गोल पोट आणि नावेसारखी लांबी पाहून छातीत काहीतरी हललंच. गोदामाचे मालक, फाळणीत आलेल्या कुटुंबातले साठीचे गृहस्थ, अभिमानाने म्हणाले, “पिताजी की है. अमरीका की है.”

मी बोनेट उघडायला लावलं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर एक पट्टी होती, काजळीने काळी झालेली. रुमालाला थुंकी लावून पुसली, तेव्हा अक्षरं वर आली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड, बॉम्बे.

मिस्त्री वाकून म्हणाला, “या तो बंबई आळी सै!” म्हणजे ही तर मुंबईची.

आमच्या पिढीने ज्यांना आयुष्यभर ‘अमेरिकन गाड्या’ म्हटलं, त्यांतल्या पुष्कळशा शिवडी, भांडुप आणि कुर्ल्याच्या हातांनी जोडलेल्या होत्या. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. पेट्यांत बंद होऊन आलेले सुटे भाग तिथे जोडायचे, रंगवायचे आणि शेवरोले म्हणून विकायचे. फोर्डची भारतातली कंपनी त्याच सुमाराला आली. ती खरी कॅनडातल्या फोर्डची शाखा होती, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या मुलखांना उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या कॅनडातून मिळत आणि जकातही कमी पडे. मुंबईत तिची जोडणी भांडुपला होई. म्हणजे अमेरिकन गाडी, कॅनडाची पेटी, आणि पाने-हातोड्या कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या हातात.

कुर्ल्याची गोष्ट मात्र वेगळी, कारण तो कारखाना परक्याचा नव्हता. वालचंद हिराचंद १८८२ सालचे, सोलापूरचे. साखर, जहाजं, विमानं असं एकेक अंगावर घेत त्यांनी मोटारींचाही ध्यास घेतला. आधी ते फोर्डकडे गेले, तिथे जमलं नाही. मग क्रायस्लरशी सूत जुळलं. म्हैसूर संस्थानात, विश्वेश्वरय्यांच्या साथीने कारखाना काढायचा बेत होता, पण युद्ध चालू होतं आणि दिल्लीतल्या इंग्रज सरकारला हिंदी माणसाने मोटारी बनवणं काही रुचलं नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स मुंबईत उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या दारातून पहिली गाडी बाहेर पडली. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्याच सुमाराला सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी पुरे, ज्यांना भाग इथेच घडवायचे आहेत त्यांनी राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४च्या आसपास गाशा गुंडाळला. कुर्ला राहिला. तिकडे बंगालमध्ये हिंदुस्थान मोटर्स स्टुडबेकर जोडत होती, पण तिचं सगळं लक्ष लवकरच अँबॅसडरकडे वळलं.

कुर्ल्याच्या त्या गाड्यांत एक गंमत आहे आणि ती पाश्चात्त्य बाजारपेठेची चलाखी म्हणून शिकण्यासारखी आहे. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय, डीसोटो डिप्लोमॅट या तीन नावांच्या गाड्यांवरून मुंबईत टॅक्सीवाल्यांची भांडणं होत. कोणती दणकट, कोणती घाटात दमत नाही. अण्णा प्लिमथपुढे डॉजचं नाव काढू देत नसत. प्रत्यक्षात तिन्ही एकच! परदेशांत विकायच्या डॉज आणि डीसोटो म्हणजे खाली प्लिमथच, वर वेगळी जाळी, वेगळे बिल्ले आणि वेगळी नावं. लग्नात एकाच आचाऱ्याचा भात दोन मांडवांत वाढावा तसं ते होतं. अण्णांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला पुण्यापर्यंत नेलं नसतं. पण त्या गोदामात मला याचा फायदा झाला, कारण प्लिमथवर शिकलेलं सगळं डॉजला लागू पडत होतं.

या गाड्या इतक्या मोठ्या का, हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही. मोठी माणसं मोठी असतात तशा मोठ्या गाड्या मोठ्या असतात, एवढंच. लालबागच्या चाळीत आमची खोली दहा बाय बारा, आणि अण्णांची गाडी सोळा फुटांच्या आसपास. गाडीच खोलीपेक्षा लांब. पुढे नोकरीत पेट्रोलचा धंदा आतून पाहिला तेव्हा उत्तर मिळालं. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, पोलाद मुबलक, रस्ते रुंद आणि गावं लांबलांब होती. शिवाय जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी गाडीचं रूप बदलायची चाल रुळवली होती, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी चालत असली तरी जुनी दिसावी. त्यांचे रचनाकार हार्ली अर्ल यांनी एका लढाऊ विमानाची जुळी शेपटी पाहून १९४८च्या कॅडिलॅकला मागे छोटे पर काढले. ते पर वाढत वाढत १९५९ साली इतके उंच झाले की गाडी उडेल की काय अशी शंका यावी. त्याच वर्षीची शेवरोले इंपाला साडेसतरा फूट लांब होती. आपली प्रीमियर पद्मिनी तिच्यापुढे तेरा फुटांची.

क्रायस्लरचं मात्र थोडं वेगळं होतं. तिचे प्रमुख के. टी. केलर यांचा हट्ट असे की माणसाला डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे. त्यामुळे १९४९ नंतरच्या त्यांच्या गाड्या उंच छपराच्या, जरा ठोकळ्यासारख्या निघाल्या. अमेरिकेत लोकांनी नाकं मुरडली, त्यांना बुटक्या आणि लांबुळक्या गाड्या हव्या होत्या. आपल्याकडे हाच ठोकळा पावला. पुण्याच्या टॅक्सीत फेटेवाले पाटील ताठ बसत. हरियाणात पगडीवाले ताऊ बसत असणार. केलर साहेबांना आपण कुणाची सोय करून ठेवली आहे याची कल्पना नसावी.

आणि ते इंजिन. गोदामात मला सगळ्यात जास्त ओढ त्याची होती, त्याकडे मी मुद्दाम शेवटी वळणार होतो, पण आधी ते कसं असायचं ते सांगतो. ओळीने सहा सिलिंडर, ३.६ लिटरच्या आसपास आकार, ताकद १०० अश्वशक्तीला जेमतेम कमी. आजची छोटी मोटार एक लिटरच्या आत-बाहेर साठ-सत्तर अश्वशक्ती देते, त्या हिशेबात हा आळशी रेडा वाटेल. पण त्याचं गणित निराळं होतं. आजच्या इंजिनात झडपा पिस्टनच्या डोक्यावर असतात. या इंजिनात त्या शेजारी, पिस्टनच्या बाजूला उभ्या. त्यामुळे वरचं हेड म्हणजे निव्वळ सपाट झाकण, पोळ्यांच्या डब्याला असतं तसं. बोल्ट सोडले, झाकण उचललं की आतलं सगळं समोर. झडपा घासायच्या असोत की काजळी खरवडायची असो, रस्त्याकडेच्या झाडाखाली काम होई. या रचनेत मिश्रण फार दाबता येत नाही. आजची इंजिनं ते दहा-बारा पट दाबतात, हे सातच्या घरात. म्हणून ताकद कमी, पण म्हणूनच हलक्या प्रतीचं पेट्रोलही तक्रार न करता पचायचं.

पिस्टनची धाव लांब होती, सिलिंडरच्या रुंदीपेक्षा इंचभर जास्त. त्यामुळे इंजिन हळू फिरतानाच जोर लावी. बोरघाटात अण्णा तीन गिअरांच्या गाडीत वरचा गिअर शक्य तितका सोडत नसत, स्टिअरिंगखालच्या दांडीवर दोन बोटं ठेवून नुसतं ऐकत. आवाज घोगरा झाला की दांडी खाली. शिंग्रोबापाशी गाडी थांबे, एक नाणं देवाला आणि एक बादली रेडिएटरला. मागे चौघं, पुढे अण्णांसकट तिघं आणि मधल्या कुठल्यातरी फटीत मी. पुढची सीट सलग बाकासारखी होती, म्हणून ते जमायचं. दिव्यांबद्दल मात्र न बोललेलं बरं. सहा व्होल्टची बॅटरी, तीसुद्धा प्लस बाजू बॉडीला जोडलेली. रात्री घाटात पुढचा उजेड देव्हाऱ्यातल्या समईइतका पडे. अण्णा खिडकीतून मान काढून कडेचे पांढरे दगड मोजत गाडी हाकत. आज या आठवणीने मला हुरहुर लागते, पण त्या गाडीत मी माझ्या नातवाला रात्री बसवणार नाही.

मुंबईत तेव्हा मोठी टॅक्सी आणि छोटी टॅक्सी असे दोन वर्ग होते, मोठीचं भाडं जास्त. फियाट आली तशी छोटी वाढली. ही फियाटही त्याच कुर्ल्यात बनायची, पुढे तिची पद्मिनी झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा लोकांनी हळहळून फोटो काढले. मोठ्या टॅक्सीसाठी असं कुणी रडलं नाही. ती एकेक करून गेली, कधी गेली ते कळलंही नाही.

उत्तरेत या गाड्यांचं आयुष्य वेगळं गेलं. दिल्लीत वकिलातींचे लोक इंपाला, डॉज घेऊन येत आणि जाताना त्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. सिनेनट, कारखानदार आणि शौकीन जमीनदार तिथे बोली लावत. इंपाला हा शब्द तर श्रीमंतीचं मोजमाप झाला होता, गाडी न पाहिलेला माणूसही तो वापरायचा. दुसऱ्या टोकाला फटफटी. आपण मोटारसायकलला फटफटी म्हणतो, जुन्या दिल्लीत हा शब्द एका चमत्कारिक वाहनासाठी होता. महायुद्धानंतर उरलेल्या अमेरिकन लष्कराच्या हार्ली-डेव्हिडसन घ्यायच्या, मागे बाकड्यांची गाडी जोडायची आणि लाल किल्ल्यापासून कॅनॉट प्लेसपर्यंत माणसं वाहायची. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या कितीतरी कुटुंबांचं पोट तिच्यावर चाललं. प्रदूषणाच्या कारणाने १९९८ मध्ये त्या बंद झाल्या. तोवर बहुतेकांत हार्लीचं मूळ इंजिन उरलंच नव्हतं, डिझेलचं बसवलेलं होतं.

आणि जीटी रोडवर फार्गो ट्रक. लांब नाकाचे हे ट्रकही कुर्ल्याचे, डॉज आणि डीसोटो नावांच्या ट्रकांचे जुळे भाऊ. त्यांत पर्किन्सचं डिझेल इंजिन असे, मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनलेलं. टाटांचे ट्रक १९५४ पासून येऊ लागले आणि हळूहळू रस्ता त्यांचा झाला. तरी इथले साठी-सत्तरीचे ड्रायव्हर फार्गोचं नाव काढलं की सरसावून बसतात. त्यांना अमेरिकेशी काही देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी फार्गो पंजाबी आहे.

१९७३च्या तेलसंकटाने मोठ्या गाड्यांचा कणा मोडला. कच्च्या तेलाचं पिंप तीन डॉलरच्या आसपास होतं, ते काही महिन्यांत बाराच्या जवळ गेलं. लिटरला पाच-सहा किलोमीटर देणारी गाडी पाळणं हत्ती पाळण्यासारखं झालं. मग लोकांनी तेच केलं जे आपण नेहमी करतो. इंजिन बदललं. अण्णांच्या प्लिमथमध्ये डिझेल आलं, गाडी थडथडायला लागली, पण धंदा आणखी काही वर्षं चालला. पानिपतच्या त्या डॉजमध्येही बोनेटखाली मला जे हवं होतं ते नव्हतंच. तिथे मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसलेलं होतं. मॅटाडोर म्हणजे बजाज टेम्पोची, आकुर्डीची! नाव अमेरिकेचं, जोडणी कुर्ल्याची, इंजिन पिंपरी-चिंचवडचं आणि सीटवर गोदामातल्याच घोंगडीचं कापड. मला ती गाडी तेव्हा खरी आवडली.

हे सगळं ऐकून मालकांनी त्यांची अडचण सांगितली, आणि ती नुसत्या त्यांच्यापुरती नाही. पानिपत दिल्लीपासून नव्वद किलोमीटरवर, तरी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतं. त्यामुळे दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायची नाही, हा हरित लवादाचा आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेला निर्बंध इथेही आला. त्यात पुढे फेरफार होत गेले, पण सत्तरीच्या डिझेल डॉजची अडचण त्यांनी सुटत नाही. दुसरीकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून नवी नोंदणी मिळते, दहा वर्षांची, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. मात्र रोजच्या वापराला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला जाणं, एवढ्यासाठी रस्ता मोकळा. पेट्रोल भरायला जायची परवानगी आहे हे वाचून मी मनातल्या मनात सरकारचे आभार मानले. दिवसातून दोनदा पेट्रोल भरायला जाता येईल.

खरी मेख पुढे आहे. गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. आता विचार करा. पंधराव्या वर्षी ती कायद्याने म्हातारी आणि पन्नासाव्या वर्षी राजकन्या, मधली पस्तीस वर्षं तिने करायचं काय? राजेरजवाड्यांच्या पागेत असलेली गाडी जशीच्या तशी राहिली, कारण तिला पोट भरायचं नव्हतं. कष्टाने जगलेली गाडी इंजिन बदलूनच जगली. म्हणजे नियम ज्याला ‘मूळ रूप’ म्हणतो ते बहुतेक वेळा न वापरलेल्या गाडीचं रूप आहे. अण्णांची टॅक्सी तर आज असती तरी या नियमात आली नसती, ती खासगी नव्हती. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. डोळ्यांत धूर जाणाऱ्या या भागात राहून मी तसं म्हणू शकत नाही. पण भारतातल्या अमेरिकन गाडीचा इतिहास तिच्या बदललेल्या इंजिनात आहे, आणि तोच इतिहास पुसून आणल्याशिवाय तिला वारसा म्हणून दाखला मिळत नाही, हे मला चुकीचं वाटतं.

ज्या गोदामात हे बोलणं चाललं होतं, तिथे चारी बाजूंना जुन्या कोटांचे गठ्ठे होते. अमेरिका आणि युरोपातले टाकलेले लोकरी कपडे पानिपतला येतात. बायका बसून बटणं आणि चेन कापतात, रंगानुसार ढीग लावतात, यंत्रं त्यांचा पिंजून धागा करतात आणि त्याची ब्लँकेटं होतात. भूकंप-पुरात वाटली जाणारी स्वस्त पांघरुणं यातूनच निघतात. त्या ब्लँकेटला ‘मूळचा कोट’ व्हायला कुणी सांगत नाही.

मालकांनी ठरवलं आहे की जुनं सपाट डोक्याचं पेट्रोल इंजिन शोधायचं आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी करायची. मी त्यांना माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. मी १९९७ साली कोयलीहून बदली होऊन इथल्या रिफायनरीत आलो, १९९८ मध्ये ती सुरू झाली. त्या वेळी पेट्रोलमध्ये अजून शिसं असायचं. १९२१ मध्ये अमेरिकेत, जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिज्ली यांनी शोधलेलं ते रसायन इंजिनातली ठकठक थांबवी आणि झडपांच्या बैठकीला एक मऊ थरही देई. मुलांच्या मेंदूला ते किती घातक आहे हे कळायला आणि पटायला पन्नास वर्षं गेली. फेब्रुवारी २००० पासून आपल्याकडे शिशाचं पेट्रोल संपलं. हळू चालवल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांचं त्यावाचून फारसं अडत नाही. ऑक्टेनचाही प्रश्न नाही, आजचं साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं, या इंजिनाला ते पक्वान्नच.

प्रश्न इथेनॉलचा आहे. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमच्या रिफायनरीलगतच भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प आहे, ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेला, वर्षाला दोन लाख टन पेंढा लागेल एवढ्या आकाराचा. जो पेंढा शेतात जाळून दिल्लीचा श्वास कोंडतो, त्याचं इंधन करणं मला मनापासून पटतं. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने ताडपत्रीखाली उभी राहिली की ते पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि पत्रा आतून गंजतो. गाडीतल्या जुन्या पेट्रोल पंपातला रबरी पडदा फुगतो, बुचाचे वॉशर चुरा होतात. १९२०-३०च्या दशकांतल्या गाड्यांत तर कार्ब्युरेटरमधला तरंगता बूच लाखेने मढवलेला असे. सुताराला विचारा, लाख कशात विरघळवतात? स्पिरिटमध्ये. इथेनॉल म्हणजे तेच. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, त्यामुळे जुन्या मापाचा कार्ब्युरेटर इंजिनाला उपाशी ठेवतो आणि ते तापतं. तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत, कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा करावा, आणि गाडी ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. हे फार खर्चाचं काम नाही.

मिस्त्रीने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि पोराला म्हणाला, लिहून ठेव. पोराने मोबाइलवर माझाच आवाज रेकॉर्ड करून घेतला.

जुन्या गाड्या डोळे भरून पाहायच्या असतील तर हरियाणातच, गुरुग्रामच्या पुढे तावडूला हेरिटेज ट्रान्स्पोर्ट म्युझियम आहे, २०१३ पासून. पालखी-बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळं एका छताखाली. मी दोनदा जाऊन आलो. तिथल्या मोटारी इतक्या चकचकीत आहेत की हात लावावासा वाटत नाही, आणि लावूही देत नाहीत.

पानिपतची डॉज अजून ताडपत्रीखालीच आहे. चारही चाकं आता सुटतात, एवढी प्रगती. इंजिन मिळेल की नाही सांगता येत नाही, पण मालकांकडे एक गोष्ट आहे जी पुष्कळांकडे नसते. त्यांच्या वडिलांनी पहिल्या नोंदणीचं पुस्तक फाळणीनंतरच्या घराच्या कागदांबरोबर लोखंडी पेटीत जपून ठेवलं होतं. पन्नास वर्षं कधीपासून मोजायची हे त्यावरूनच ठरतं, आणि ते नसेल तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. मुंबई-पुण्याकडे, कोल्हापूर-साताऱ्याकडे कितीतरी घरांत आजोबांची मोटार केव्हाच भंगारात गेली असेल, पण तिचं आरसी बुक, कुर्ल्याच्या कारखान्याचं एखादं पार्ट्सचं पुस्तक किंवा शिवडीच्या कामगारांचा एखादा फोटो जुन्या ट्रंकेत पडलेला असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याला देऊ नका.